न घेतलेले शेअर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंजिरीलाही नाही. मंजिरी म्हणजे माझी बायको, आणि तिला न कळता आमच्या घरात एखादी गोष्ट राहणं किती अवघड आहे ते तुम्हाला सांगून पटणार नाही. कामावरून येताना मी गुपचूप एक जिलेबी खाल्ली, तर लिफ्टचं दार उघडताच तिला कळतं. तरीही ही गोष्ट बारा वर्षं तिच्या डोळ्यांसमोर आहे आणि तिला पत्ता नाही. म्हणजे लपवण्यात मी चांगलाच हुशार असणार, नाही का? या हुशारीचा मला थोडा अभिमानही आहे — तोही कबुलीतच धरा. सांगायला बसलोच आहे, तर काही मागे ठेवत नाही.

मी शेखर. मूळचा मिरजेचा. एकवीस वर्षं कुवेतमध्ये, एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. लोकांचं रक्त तपासतो आणि उरलेल्या वेळात लोकांचं डोकं खातो. अब्बासियात दोन खोल्यांचा फ्लॅट, एक बायको, एक मुलगी. मुलीला मराठीत काहीही विचारा, उत्तर इंग्रजीत येतं, आणि त्यात 'बाबा, प्लीज' हे दोन शब्द असतातच. पोट पुढे, केस मागे. आमच्या मराठी मंडळींत माझी ख्याती गोष्टी सांगणारा म्हणून आहे. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी पाच वेळा नापास झालो ती गोष्ट, मुदीरच्या — म्हणजे आमच्या साहेबांच्या — नव्या गाडीला पार्किंगचा खांब समजून मी टेकलो ती गोष्ट. लोक हसतात, मीही हसतो. स्वतःची फजिती सांगितली की माणूस प्रामाणिक वाटतो. हे मला फार लवकर कळलं होतं. आणि म्हणूनच कुणाला शंका आली नाही, की एक फजिती हा कधीच सांगत नाही.

तर ती अशी.

बारा वर्षांपूर्वी मी शेअरचं खातं उघडलं. मध्ये एजंट नाही, सल्लागार नाही. फोनवर आपलं आपण घ्यायचं, आपलं आपण विकायचं. परदेशात राहणाऱ्यांना त्यासाठी कागद फार लागतात. माझी सही दोनदा परत आली — 'जुळत नाही' म्हणून. आधीच्या सहीतला शेखर बारीक होता, कदाचित त्यामुळे. शेवटी खातं उघडलं. मी पगारातले साठवलेले पैसे पाठवले आणि एका सकाळी, ड्यूटी लागायच्या आधी, पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले.

दहा वाजेपर्यंत ते पडले. किती? आठशे रुपयांनी. म्हणजे आम्हा तिघांचा एका संध्याकाळचा शवर्मा. पण माझ्या तळहाताला जो घाम सुटला म्हणता! वॉर्डातल्या सिस्टरकडून मी रक्तदाब मोजून घेतला. ती म्हणाली, "काय हो, घरी भांडण झालं का?" मी बाथरूममध्ये गेलो, दाराला कडी लावली आणि सगळे शेअर विकून टाकले.

संपलं. माझ्या आयुष्यातला शेअर बाजार तेवढाच. सकाळी सात ते दहा.

विकून आलेले पैसे नुसते पडून राहू नयेत म्हणून त्याच खात्यात एक सोय असते — लिक्विड फंड. नाव भारी, काम साधं. आपले पैसे ते लोक खात्रीच्या ठिकाणी थोड्या थोड्या दिवसांसाठी व्याजाने लावतात, आणि बँकेच्या बचत खात्यापेक्षा बरं व्याज आपल्या पदरात पडतं. रोज चिमूटभर वाढतं. हवे तेव्हा काढता येतात. मी म्हटलं, दोन दिवस इथे ठेवू, मग शांतपणे अभ्यास करून चांगली कंपनी बघू. त्या दोन दिवसांना बारा वर्षं झाली. दर महिन्याला मी त्याच खात्यात पैसे टाकत गेलो आणि दर महिन्याला ते त्याच फंडात जात राहिले.

आता मला सांगा, यात वाईट काय आहे? भित्र्या माणसाने भित्र्यासारखे पैसे ठेवले, तर त्याहून शहाणपणाचं काय असतं? मी त्याच आठवड्यात पोह्याच्या ताटलीसमोर म्हटलं असतं, 'अरे, मला नाही बाबा झेपत ते', तर सगळे हसले असते, माझ्या यादीत अजून एक गोष्ट वाढली असती, आणि हे लिहायची वेळ आली नसती. मग का नाही म्हटलं?

कारण शुक्रवार.

शुक्रवारी इथे सुट्टी असते आणि शुक्रवारी तिकडे बाजार चालू असतो. इथल्या घड्याळात पावणेसातला उघडतो, एकला बंद. म्हणजे आमच्या इथे मंडळी पोहे खायला जमतात तेव्हा तिकडे ऐन गर्दी. दर शुक्रवारी सकाळी पाच-सहा कुटुंबं आमच्या हॉलमध्ये — आणि मी सोफ्याच्या टोकाला, हातात फोन, कपाळाला आठी. पहिल्याच शुक्रवारी मंजिरीने चहा देताना कौतुकाने सांगून टाकलं, "यांचं आता मार्केट सुरू झालंय. बोलवू नका, लक्ष आहे त्यांचं." सगळ्यांनी माना वळवल्या. तोवर माझ्याकडे त्या नजरेने कुणी बघितलं नव्हतं. गोष्टी सांगणाऱ्याला लोक हसतात. या नजरेत आदर होता. तुम्ही सोडला असता?

मी नाही सोडला. उलट वाढवला. बातम्यांच्या चॅनेलवरचे शब्द पाठ केले. 'करेक्शन येणार', 'व्हॅल्युएशन महाग झालंय', 'मी थोडं थोडं उचलतोय'. काय उचलत होतो? पोहे. आणि गंमत बघा — बाजार लाल असला तरी माझं खातं हिरवं असायचं, कारण तो फंड रोज चिमूटभर वाढणारच. मी लांबून फोन दाखवायचो, हिरवा आकडा चमकायचा. आमचा इलेक्ट्रिशियन मित्र दिनेश कपाळावर हात मारायचा, "च्यायला, आमचं सगळं लाल आणि तुझं हिरवं कसं रे?"

मी म्हणायचो, "संयम."

एका शब्दावर मी कित्येक वर्षं काढली.

इथपर्यंत ही गोष्ट मी हसत सांगू शकतो. बघा, सांगतोच आहे. इथून पुढे मात्र मला थोडं अडखळायला होणार — वाचताना तुम्हाला जाणवलं तर जाणवू द्या.

नसीमा आमच्याच हॉस्पिटलमध्ये नर्स होती. हर्णैची. नवरा वारलेला, मुलगी सना आजीजवळ हर्णैला. नसीमा मला शेखरभाऊ म्हणायची आणि मंजिरीला वहिनी. शुक्रवारी तिची बहुतेक ड्यूटी असे, पण कधी आली तर मुलीचे फोटो दाखवल्याशिवाय जात नसे. तिचा हिशेब सरळ होता. दापोलीत कॉलेजजवळ दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं. सनाची दहावी झाली की कुवेत सोडायचं, त्या घरात राहायचं आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं तरी मुलीला स्वतःच्या हाताने डबा करून द्यायचा. ती म्हणायची, "भाऊ, ती सहा वर्षांची असताना मी इथे आले. बारावीनंतर पोरं कुठे घरात राहतात? माझ्या वाटणीला तेवढीच दोन वर्षं आहेत."

तेवढीच दोन वर्षं. हे वाक्य मला आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

घराला पैसे थोडे कमी पडत होते. तिने आयुष्यात कधी व्याज घेतलं नव्हतं. "आमच्यात व्याजाचा पैसा चालत नाही," ती अगदी सहज सांगायची, जसं कुणी सांगावं की मी वांगं खात नाही. त्यामुळे मुदतठेव नाही, काही नाही. साठवलेलं सगळं साध्या खात्यात पडून. एक दिवस तिने लॅबच्या खिडकीशी विचारलं, "भाऊ, तुमच्यासारखं मला जमेल काय? शेअर म्हणजे धंद्यात वाटा ना? त्याला हरकत नाही म्हणतात. घरी भावाने विचारून घेतलंय."

माझ्यासारखं! माझा अख्खा पैसा व्याजात बसलेला, आणि ही बाई व्याज नको म्हणून माझ्याकडे आलेली. तेव्हा तरी बोलायचं? मी छाती पुढे काढली — पोटाच्या पुढे जाईल एवढी — आणि म्हणालो, "नसीमा, बँकेत पैसा कुजतो. थोडी हिंमत लागते."

हिंमत. मी म्हणालो. मी.

महिनाभर मी तिच्यासाठी राबलो, हे खरं आहे. फॉर्म भरले. तिचीही सही एकदा परत आली, तेव्हा मी अनुभवी माणसासारखा हसलो. मग वहीत यादी केली: दारूची कंपनी नको, तंबाखूची नको, बँक नको, कर्जावर जगणारी नको. इंटरनेटवर रात्रंदिवस शोधून सात लहान कंपन्या काढल्या. यादी वाईट नव्हती, आजही म्हणतो. फक्त त्यातला एकही शेअर मी स्वतः घेतला नव्हता आणि घेण्याची माझी छाती नव्हती. तिने विचारलं, "हे सगळे तुमच्याकडे पण आहेत ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय!" बघा, हे खोटंसुद्धा नाही. नुसता एक उद्गार आहे. असे उद्गार मला फार येतात.

तिने घेतले. सहा-सात महिने बरं चाललं. मग बाजार पडायला लागला.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रोज थोडा, मग जास्त. लहान कंपन्या आधी आपटतात. नसीमाच्या पैशातला तिसरा हिस्सा कागदावर गेला. ती रोज सकाळी ड्यूटी लागताना माझ्या खिडकीशी यायची, सॅम्पलचा ट्रे ठेवायची आणि हळूच विचारायची, "थांबू ना?" मी म्हणायचो, "थांब. संयम." आणि ते बरोबर होतं! मी आयुष्यात दिलेला तेवढाच बरोबर सल्ला. वाचलेलं, ऐकलेलं, पण बरोबर. तेवढ्यावर थांबलो असतो तरी—

थांबलो नाही.

एका सकाळी माझा फोन खिडकीच्या कट्ट्यावर चार्जिंगला लावला होता. सवयीने खातं उघडून ठेवलेलं. मी आत मशीनकडे वळलो होतो. परत आलो तर नसीमाच्या हातात फोन होता. तिने चोरून बघितला नव्हता. पडेल म्हणून सरकवायला उचलला आणि नजर गेली. आठ वर्षांत तो पडदा जवळून कुणी पाहिला नव्हता. त्यावर एकच ओळ होती. एकच फंड, आणि त्यापुढे हिरवा आकडा.

"भाऊ," ती म्हणाली, "यात तर एवढं एकच दिसतंय. तुमचे शेअर कुठे गेले?"

माझ्या मागे लॅबमधले दोघे उभे होते. एक केरळचा, त्याला मराठी येत नव्हतं. दुसरा दिनेशचा मेहुणा — त्याला येत होतं, आणि शुक्रवारी तो पोह्याला यायचा. त्याने मान वर केली. मला आठवतं, मी त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे नाही. तीन शब्दांचं काम होतं: कधी घेतलेच नाहीत. माझ्या गोष्टींना लोक इतके हसतात, याला किती हसले असते! पण त्या क्षणी मला वाटलं की सगळं जाईल. सोफ्याचं टोक जाईल, चहा देताना मंजिरीच्या चेहऱ्यावर असतं ते जाईल.

मी म्हणालो, "विकले. गेल्या आठवड्यात. सगळे."

असं, अगदी आरामात. खाली वाकून ट्यूबवरचं लेबल वाचत.

तिने फोन कट्ट्यावर परत ठेवला. मग म्हणाली, "मला सांगायचं तरी, भाऊ."

"आज सांगणारच होतो."

एवढंच. चार वाक्यांत झालं. साडेनऊच्या सुट्टीत मी कॉरिडॉरमधून जात होतो, तर ती लिनन ठेवतात त्या खोलीच्या दाराशी उभी राहून फोनवर अंगठा दाबत होती. एकेक कंपनी. सात वेळा. वहीतल्या यादीच्या क्रमाने — ती वही उघडून तिने ट्रॉलीवर ठेवली होती. मी तिला दिसेन इतक्या जवळ होतो. 'नसीमा, थांब' म्हणायला किती लागतं? मी पाणी प्यायलो आणि परत गेलो.

संध्याकाळी ती सांगायला आली. पैसे आता तसेच साध्या खात्यात ठेवणार म्हणाली. तुमचं ते व्याजाचं आहे, ते मला नको — पण तुमच्यामुळे उरलं ते तरी वाचलं. तिने 'तुमच्यामुळे' म्हटलं. मी मान हलवली. कशी हलवली? समजूतदार माणसासारखी.

त्याच शुक्रवारी दिनेशच्या मेहुण्याने सगळ्यांना सांगितलं, शेखरभाऊंनी आठवडाभर आधीच माल काढला. मंजिरीने त्या दिवशी पोह्यात काजू घातले. लोकांनी मला विचारलं, ओळखलंत कसं? मी म्हटलं, "आतून एक आवाज येतो." मी हे खरोखर म्हटलं. लिहिताना मान खाली गेली, पण म्हटलं.

आता याहून वाईट सांगतो.

त्यानंतर मी रोज त्या सात कंपन्या बघायला लागलो. आणि रोज मनात म्हणायचो — अजून पड. पड ना. अजून खाली जा. त्या मेल्या असत्या, तर माझं खोटं खरं ठरलं असतं. मग मी नसीमाला खरंच वाचवलं असतं. हजारो लोकांचे पैसे बुडावेत म्हणून मी सकाळी पावणेसातला देवासारखा फोन हातात धरून बसत होतो. हिंमत माझ्यात नव्हतीच. चांगुलपणा तरी असेल असं मी तोवर धरून चाललो होतो.

त्या पडल्या नाहीत. उन्हाळा संपेपर्यंत उठायला लागल्या आणि वर्ष संपायच्या आत सातातल्या पाच जिथे होत्या त्याच्या वर गेल्या. ती नुसती थांबली असती, तर दापोलीच्या घराचे पैसे पुरे होऊन वर सामानाला उरले असते. सनाच्या दहावीच्या परीक्षेला अजून वेळ होता.

नसीमाने फोनवरून ते सगळं काढून टाकलं होतं. बघवत नाही म्हणाली. पण एकदा तिने विचारलं — बातम्यांत बाजार वर गेला म्हणतात, आपल्या कंपन्यांचं काय? आपण वेळेवर निघालो ना, भाऊ? हे विचारताना ती हसत होती. मला बरं वाटावं म्हणून विचारत होती, असं मला अजून वाटतं.

मी म्हणालो, "बाजार जाईल वर. आपल्या कंपन्या संपल्या."

पहिलं खोटं घाईत गेलं, असं म्हणता येईल. हे घाईत नव्हतं. त्या सकाळी मी भाव बघून आलो होतो. मला पैशापर्यंत आकडा माहीत होता.

मग नसीमाने इकामा — म्हणजे इथे राहण्याचा परवाना — वाढवून घेतला. एक वर्ष, मग अजून एक, मग अजून एक. तीन वर्षं. वरच्या ड्यूट्या घेतल्या. जिथे पूर्वी तिघी राहत होत्या त्या फरवानियाच्या खोलीत चौघी राहायला लागल्या. सनाची दहावी फोनवर झाली. बारावीसुद्धा फोनवर. गेल्या वर्षी सना पुण्याला होस्टेलवर गेली. आणि या फेब्रुवारीत पैसे पुरे झाले आणि नसीमा परत गेली.

जाण्याआधीच्या शुक्रवारी मंडळींनी तिला आमच्याच घरी निरोप दिला. शाल, नारळ, मंजिरीच्या हातची पुरणपोळी. नसीमाला बोलायला सांगितलं, तर ती उभी राहिली आणि दोन मिनिटांत सगळ्यांचे आभार मानून शेवटी म्हणाली, "पण शेखरभाऊ नसते तर मी सगळंच घालवून बसले असते." आणि अंगावरची शाल काढून तिने ती माझ्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजल्या. मुलीने फोटो काढला आणि म्हणाली, "बाबा, प्लीज, स्माइल."

मी म्हणालो, "अगं, मी काही केलेलं नाही." सगळ्यांना तो विनय वाटला. मलाही ते माहीत होतं, म्हणूनच म्हटलं. आणि हसलो. फोटो चांगला आलाय.

तुम्ही विचाराल, आता का सांगतोस? ओझं हलकं व्हावं म्हणून नाही. मला झोप नीट लागते, भूकही लागते, वजन तर वाढतंच आहे. पैसे त्याच फंडात आहेत. आज सकाळीही चिमूटभर वाढले. तिला तिचा तिसरा हिस्सा देऊ शकेन एवढे आहेत आणि मी दिलेले नाहीत. दिले तर कशाचे ते सांगावं लागेल. हेही मी नीट, शांतपणे ठरवलं आहे. कुणाच्या भीतीने उशीर झालाय असं समजू नका.

गेल्या आठवड्यात नसीमाचा फोटो आला. दापोलीचं घर, दोन खोल्या. एकीच्या भिंतीला फिकट जांभळा रंग, खिडकीजवळ टेबल, टेबलावर दिवा. खाली लिहिलं होतं: भाऊ, ही सनाची खोली, सुट्टीत आली की राहील. आणि पुढे: रंग तिला शाळेत असताना आवडायचा, आता आवडतो की नाही कोण जाणे, विचारायचं राहिलं.

मी अंगठा पाठवला. मग 'छान' लिहिलं आणि तेही पाठवलं.